नवीन गॅलॅक्सी टॅब एस१० लाइट अकरावीच्या मुलीसाठी घ्यावा का? बजेट ३५ हजार

घोडबंदरची_आई (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

तर लेक यंदा अकरावी सायन्सला गेली. बायो आणि मॅथ्स दोन्ही ठेवलंय कारण नीट की सीईटी हे तिचं अजून ठरत नाहीये. क्लास नौपाड्यात. क्लासवाले नोट्स, डीपीपी (रोजच्या सरावाचे प्रश्न), टेस्ट पेपर सगळं पीडीएफ करून ग्रुपवर टाकून देतात आणि मग आपण झेरॉक्सवाल्याकडे रांग लावायची, तो रोजचा खर्च वेगळा आणि त्या कागदांचे गठ्ठे दप्तरात कोंबून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून उभ्यानं यायचं ते वेगळं. बरं प्रिंट नाही काढली तर ती फोनवर वाचते, दोन बोटांनी मोठं करकरून, आणि रात्री डोळे चोळत बसते.

म्हणून टॅब घ्यायचा विचार चाललाय. सॅमसंगचा टॅब एस१० लाइट ह्याच महिन्यात (सप्टेंबर २०२५) आलाय, वायफायवालं ६ जीबी / १२८ जीबी मॉडेल ३०,९९९ ला आहे आणि पेन बॉक्समध्येच मिळतं. गोखले रोडवरचा दुकानदार म्हणाला "लेटेस्ट आहे मॅडम, डोळे झाकून घ्या, जीएसटी पण कमी झालाय आत्ताच." मिस्टरांचं म्हणणं लॅपटॉप घेऊ, इंजिनिअरिंगला गेली तर तोच कामाला येईल. दीर म्हणतात आयपॅडशिवाय दुसरं काही घेऊच नका. लेकीलाही आयपॅडच हवाय पण तिचं कारण वेगळं आहे, मैत्रिणींकडे आहे म्हणून.

मला एवढंच सांगा की हा नवीन टॅब खरंच पैसे टाकण्यासारखा आहे का, सिमवाला घ्यावा की नुसता वायफायवाला, आणि दसऱ्याला घेऊ की दिवाळीपर्यंत थांबू. कव्हर वगैरे धरून ३५ च्या वर जायचं नाहीये.

---

चिपचिकित्सक (ऐरोली)

डोळे झाकून घ्या असं दुकानदार म्हणाला की आपण चष्मा लावून बघायचं.

लेटेस्ट आहे ते खोकं. आत जी चिप आहे एक्सिनॉस १३८०, ती २०२३ च्या मार्चमध्ये गॅलॅक्सी ए५४ फोनात आली होती, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टॅब एस९ एफई निघाला त्यातही तीच, आणि आता २०२५ संपत आलं तरी परत तीच. मला यात वाईट हे वाटतं की एस९ एफईला आयपी६८ होतं, म्हणजे पाणी आणि धूळ दोन्हीपासून संरक्षण, आणि ह्या लाइटमध्ये ते काढून टाकलंय. ठाण्याच्या पावसात क्लासला जाणाऱ्या पोरीच्या दप्तरात जाणार असेल तर ह्याचा विचार करा. स्क्रीन १०.९ इंची एलसीडी, ९० हर्ट्झ, ठीकठाक. बॅटरी ८००० एमएएच, चार्जर बॉक्समध्ये नसतो, घरात फोनचा २५ वॅटचा असेल तर तोच चालेल.

नुसता वेग बघायचा तर शाओमी पॅड ७ बघा. जानेवारीत २७,९९९ ला आला तेव्हाच त्यात स्नॅपड्रॅगन ७+ जेन ३ होती, ती ह्या एक्सिनॉसच्या बरीच पुढे आहे. स्क्रीन ११.२ इंची, ३.२के, १४४ हर्ट्झ. ऑफरमध्ये त्याहून खाली येतो. पेन मात्र वेगळं घ्यावं लागतं, ५,९९९ चं, आणि मेमरी कार्ड टाकायची सोय नाही, त्यामुळे १२८ वाला घेतलात तर १२८ वरच भागवायचं.

माझं मत विचाराल तर टॅब एस९ एफई अजून कुठे सीलबंद मिळत असेल तर तो, नाहीतर पॅड ७. एस१० लाइट तिसऱ्या नंबरवर.

---

ढोकाळीकर

लॅपटॉप घ्या. टॅब म्हणजे मोठा मोबाईल, बाकी काही नाही. आमच्याकडे एका कंपनीचा बारा हजारवाला टॅब घेतला होता, ३ जीबी रॅम आणि ईएमएमसी म्हणजे हळू चालणारं स्टोरेज, पहिले काही महिने बरा चालला मग पीडीएफ उघडायला सांगायचं आणि चहा टाकून यायचं. त्यात वाइडव्हाइन (व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणूनची सोय) एल३ ह्या खालच्या पातळीचं होतं म्हणजे ओटीटीवर ४८० पीच्या वर चित्रच नाही, एवढ्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे धुरकट. आता घरी धूळ खातोय.

---

जुना_खोडील (चरई)

ढोकाळीकर, बारा हजाराच्या टॅबचा राग तीस हजाराच्या टॅबवर काढू नका राव.

ताई, चिप-बिप हे चिपवाले बघतील, मी पैशाचं सांगतो. जीएसटी कमी झालाय ही थाप आहे. २२ सप्टेंबरपासून जे २८ चं १८ टक्के झालं ते एसी, डिशवॉशर, ३२ इंचावरचे टीव्ही वगैरे. मोबाईल, लॅपटॉप, टॅब ह्यांच्यावर आधीही १८ होता, आताही १८ च आहे, एक रुपया कमी झालेला नाही. दुकानदाराला गोड बोलून विचारा की दादा कुठला स्लॅब कमी झाला तेवढं बिलावर दाखवा.

दुसरं, तो "नो कॉस्ट ईएमआय" गळ्यात मारेल. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतो. होतं काय, व्याजाएवढी सूट आधी देतात आणि मग हप्त्यात व्याज लावतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक आपल्याकडूनच घेते, वर प्रोसेसिंग फी. रक्कम मोठी नाही पण नो कॉस्ट म्हणत खिशात हात घातलेला मला आवडत नाही. आणि बऱ्याचदा रोख किंवा सरळ कार्डानं घेतलं तर जी सूट असते ती ईएमआयवर नसते, दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा.

अवांतर: टॅब म्हटलं की मला २०११ चा तो 'आकाश' आठवतो. ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल ह्यांनी दिल्लीत काढला, जगातला सगळ्यात स्वस्त टॅब, पोरापोरांच्या हातात देणार म्हणून केवढा गाजावाजा. ७ इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम आणि टचस्क्रीन असा की बोट लावून चालायचं नाही, दाबायला लागायचं. तेव्हाही सगळे म्हणत होते आता दप्तराचं ओझं जाणार. बाकी चालू द्या.

---

रसायनवाले_सर (नेरूळ)

मी क्लासमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो, समोर बाकावर टॅब घेऊन बसलेली मुलं रोज बघतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

ताई, चिप कुठली हे तुमच्या कामाला फारसं लागत नाही. मुलगी त्यावर पीडीएफ वाचणार, पेननं खुणा करणार, रेकॉर्डेड लेक्चर बघणार, ह्या तिन्ही गोष्टींना १३८० पुरून उरते. तुमच्या कामाला लागतो स्क्रीनचा आकार, आणि तिथे सगळेजण इंच बघतात आणि फसतात.

डीपीपी ए४ वर टाइप केलेली असते, २१० बाय २९७ मिलिमीटर. एस१० लाइट १०.९ इंची असला तरी तो १६:१० आहे, लांबुडका, उभा धरला की त्याची रुंदी भरते १४७ मिमीच्या आसपास. म्हणजे ए४ चं पान त्यावर ७० टक्के होऊन दिसणार. १२ पॉइंटचं अक्षर साडेआठचं. आमच्यासारखे क्लासवाले कागद वाचवायला दोन कॉलममध्ये ९ पॉइंटनं छापतात, ते मग सहाच्या घरात जातं. त्यात ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शनमध्ये बाणावर बारीक लिहिलेलं तापमान, कॅटॅलिस्ट, किंवा आयनच्या डोक्यावरचा तो चार्ज, तो २+ आहे का ३+ हे बघायला मूल परत दोन बोटं लावून मोठं करणार. मग फोनमध्ये आणि ह्यात फरक काय राहिला.

आता आयपॅड बघा, तोही अकरा इंचाच्याच आतबाहेर आहे पण आकार ए४ च्या जवळचा, रुंदी १५८ मिमी. पॅड ७ चा आकार ३:२, रुंदी तीच, १५८. ह्यांच्यावर पान ७५ टक्के दिसतं, १२ चं ९ होतं. पाच टक्के म्हणजे काय मोठंसं असं वाटेल पण दिवसाला चार तास वाचणाऱ्याला कळतं.

ह्यासाठी दुकानात जायचीही गरज नाही, एक सोपी परीक्षा आहे. तुमच्या त्या झेरॉक्सवाल्याला सांगा की ही डीपीपी एका ए४ कागदावर दोन पानं येतील अशी काढून दे. ते जे अर्ध्या कागदावरचं पान येतं ते बरोबर ७० टक्क्यांचं असतं, म्हणजे एस१० लाइटवर जेवढं दिसेल तेवढंच. तो कागद मुलीला द्या आणि तासभर सलग सोडवू दे. कुरकुर न करता सोडवलं तर टॅब खुशाल घ्या. पाच मिनिटांत डोळ्याजवळ न्यायला लागली तर तीस हजार वाचले.

पेनचं बोलायचं तर एस पेन ही ह्या टॅबची खरी जमेची बाजू. लिहायला त्याला चार्जिंग लागत नाही, बॅटरी संपली म्हणून लेक्चर बुडलं असं होत नाही. माझ्याकडची एक मुलगी काय करते ते सांगतो, टेस्टमध्ये चुकलेला प्रत्येक प्रश्न पीडीएफमधून कापून सॅमसंग नोट्समध्ये चिकटवते, खाली स्वतःच्या अक्षरात बरोबर उत्तर आणि लाल रंगात एकच ओळ, 'लिमिटिंग रिएजंट बघितलाच नाही' अशी. परीक्षेच्या आदल्या रात्री ती फक्त तेवढंच वाचते. हे वहीत करायचं तर कात्री आणि डिंक घेऊन बसावं लागेल, कोणी करत नाही. टॅबचा हा उपयोग मला पटतो. बाकी रंगीबेरंगी हेडिंगं आणि स्टिकर लावून नोट्स सजवणारी मुलंही त्याच बाकावर बसतात, त्यांचे मार्क विचारू नका.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, गणितं सोडवायची ती कागदावरच. नीट अजून ओएमआर शीटवर पेननं होते, बोर्डाचा पेपर हातानं लिहायचा असतो. सीईटी कॉम्प्युटरवर असते खरी पण तिथेही कच्चं काम हातात दिलेल्या कागदावर आणि उत्तर माऊसनं. काचेवर लिहायची सवय लागलेल्या मुलांचा बोर्डाच्या तीन तासात हात दुखतो, हे दरवर्षी बघतोय.

सिमवाला नको. घरी वायफाय आहे, बाहेर लागलंच तर फोनचा हॉटस्पॉट. सिम नसलेल्या टॅबवर निदान बसमध्ये रील बघणं होत नाही.

---

खारघरची_रंगारी

सरांना +१, झेरॉक्सची आयडिया भारीच.

आयपॅडबद्दल मी लिहिते कारण माझं रोजचं काम त्यावर आहे, इलस्ट्रेशन करते. ताई, दीर म्हणतात ते चुकीचं नाही पण तुमच्या बजेटात बसत नाही. ह्या मार्चमध्ये आलेला ए१६ चिपवाला आयपॅड १२८ जीबी ३४,९०० ला आहे. त्यावर पेन्सिल, यूएसबी-सी वाली ७,९०० ला, झाले ४२,८००, अजून कव्हर नाही काही नाही. आणि ह्या स्वस्त पेन्सिलीला दाब कळत नाही, म्हणजे जोरात दाबा की हळू, रेघ तेवढीच जाड. लिहायला काही फरक पडत नाही, चित्र काढायला पडतो. दाब कळणारी पहिल्या पिढीची पेन्सिल ९,५०० ला आहे पण ती जोडायला आणि चार्ज करायला मध्ये एक ॲडॅप्टर लावावा लागतो, अगदीच जुगाड. दुसऱ्या पिढीची आणि प्रो पेन्सिल ह्या आयपॅडवर चालतच नाही, ऑनलाइन स्वस्तात दिसली म्हणून घेऊन बसू नका. सिमवाला आयपॅड तर थेट ४९,९००.

चिपचिकित्सक, जुन्या चिपवरून तुम्ही सॅमसंगला झोडलंत, पण आयपॅडमधली ए१६ सुद्धा २०२२ च्या आयफोन १४ प्रो मधलीच आहे की. ॲपलचे ते नवे एआयवाले फीचर ह्या आयपॅडला मिळतच नाहीत त्यामुळे. टॅबमध्ये सगळेच शिळी चिप घालतात. फक्त ॲपलची शिळी चिप अजून पळते हा भाग वेगळा.

मुलीला पुढे आर्किटेक्चर किंवा डिझाईनला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, प्रोक्रिएट हे चित्र काढायचं ॲप फक्त आयपॅडवरच चालतं आणि त्यासाठी लोक बजेट मोडतात. नीट-सीईटीसाठी बजेट मोडू नका. मैत्रिणींकडे आहे हे कारण मात्र मला एकदम ओळखीचं वाटलं, मीही घरी हेच सांगितलं होतं.

---

चिपचिकित्सक (ऐरोली)

रंगारी, शिळी असली तरी ए१६ ह्या एक्सिनॉसला कुठल्या कुठे मागे टाकते, तुलनाच नको. माझा मुद्दा तो नव्हताच. तीस हजार देऊन माणूस चार वर्षं वापरणार, पहिल्या वर्षी सगळंच पळतं, तिसऱ्या वर्षी कोण पळतं ते बघायचं.

सरांचं रुंदीचं गणित मात्र मान्य, मी हे कधी मोजलंच नव्हतं, आमच्यात सगळे रिझोल्यूशन बघतात. पण सर, त्याच गणितानं पॅड ७ जिंकतो ना? रुंदी १५८, चिप नवी, पेन धरून ३४ हजार.

---

रसायनवाले_सर (नेरूळ)

जिंकतो, नाही कुठे म्हणतोय. फक्त ५,९९९ चं पेन चार्ज करायला लागतं आणि सोळा वर्षांच्या मुलांकडून पेनं हरवतात, हेही मी रोज बघतो. ताईंचं बजेट ३५ ला संपतं, पॅड ७ + पेन ३४ ला, मग कव्हर कशातून आणणार.

आणि तुमचा एस९ एफईचा सल्ला मला तितका पटला नाही. आयपी६८ चांगलंच, पण तो अँड्रॉइड १३ वर निघाला होता, हा १५ वर निघालाय. चिप तीच असेल तर अपडेटची वर्षं हातची का घालवा. क्लासची ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात तेव्हा पालक आमच्याकडेच भांडायला येतात.

---

जुना_खोडील (चरई)

सर, ते झेरॉक्सवालं मी बायकोला दाखवलं. पोथी ७० टक्के करून आणली, चष्म्यानंही वाचता येईना, टॅबचा विषय आमच्याकडे कायमचा संपला. आभारी आहे.

---

घोडबंदरची_आई (कासारवडवली, ठाणे)

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला उशीर झाला कारण आधी परीक्षा घेतली, मग लिहायला बसले.

झेरॉक्सवाल्यानं पहिल्यांदा माझ्याकडे विचित्र बघितलं, म्हणाला काकू आता कागद वाचवताय का, पण दिलं काढून. फिजिक्स आणि मॅथ्स लेकीनं न कुरकुरता सोडवलं. केमिस्ट्रीला सर म्हणाले तेच, बाणावरचं बारीक दिसेना, पण म्हणाली एका पानावर दोन-तीनदाच मोठं करावं लागेल. बायोमध्ये नेफ्रॉनच्या आकृतीची नावं अगदीच बारीक होती, ती म्हणाली ते मी एनसीईआरटीच्या पुस्तकातच बघते, पुस्तक आहेच. मग मी तिला समोर बसवून विचारलं की आयपॅड कशासाठी हवा ते नीट सांग, तर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "एअरड्रॉपवर (ॲपलवरून ॲपलवर फाइल पाठवायची सोय) सगळ्या नोट्स पाठवतात, मलाच व्हॉट्सॲपवर मागायला लागतात." हे मला माहीतच नव्हतं. कारण अगदीच टाकाऊ नव्हतं म्हणायचं. पण व्हॉट्सॲपवर मागून मिळतात ना, मग चालेल, बारा हजार जास्त त्यासाठी नाही देणार.

रविवारी दोघी दुकानं फिरलो, गोखले रोड आणि मग विवियाना मॉल. जी गंमत बघितली ती सांगते, पॅड ७ मांडलेला होता पण पेन कपाटात कुलूपबंद, विकत घेतलंत तर उघडू म्हणे. आयपॅडचीही तीच कथा, पेन्सिल फक्त खोक्यात. एस१० लाइटचं पेन तेवढं दोरीनं बांधलेलं का होईना पण हातात मिळालं. लेकीनं उभ्याउभ्याच बेंझिनची रिंग काढली, शेजारी मराठीत नाव लिहिलं, तळहात पूर्ण काचेवर टेकवून, आणि उगाच कुठे रेघ उमटली नाही. फक्त म्हणाली की आई घसरतंय, काचेवर पेन फार घसरतं. मी स्वतः लिहून बघितलं, माझं अक्षर तर डॉक्टरसारखं आलं.

लॅपटॉपचं म्हणाल तर मिस्टरांना सरांचा प्रतिसाद वाचायला दिला. ते म्हणाले बारावीनंतर कुठल्या शाखेला जाते ते कळल्यावर लॅपटॉप घेऊ, आत्ता घेतला तर तोपर्यंत तोच जुना होईल. त्यांनी एवढ्या लवकर ऐकलेलं मला आठवत नाही.

जुने खोडील साहेब, तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, कुठला स्लॅब ते बिलावर दाखवा. दुकानदार हसायला लागला आणि जीएसटीचा विषय बंद. ईएमआय नको म्हटल्यावर सरळ कार्डावर थोडी सूट आणि एक साधं कव्हर असं जमतंय, सगळं धरून ३० च्या आत येतोय. दिवाळीत अजून हजार-पाचशे उतरेलही पण तोपर्यंत तिची युनिट टेस्ट होऊन जाईल, म्हणून थांबत नाही. वायफायवालाच सांगितलाय, दसऱ्याला आणतोय.

आता शेवटची शंका, त्या घसरण्यावर काही उपाय आहे का? दुकानदार टेम्पर्ड ग्लास लावून देतो म्हणतोय.

---

खारघरची_रंगारी

टेम्पर्ड ग्लास लावलीत तर अजून घसरेल. मॅट फिल्म मिळते, पेपर-फील म्हणून मागा, वाशीला सेक्टर १७ मध्ये किंवा ऑनलाइन. लिहिताना खरखर लागते कागदासारखी, हात थांबतो, अक्षर सुधारतं. तोटे दोन, स्क्रीन थोडी दाणेदार दिसते आणि पेनचं टोक लवकर झिजतं. टोक बदलता येतं, वेगळी मिळतात. पण तुमचा ७० टक्क्यांचा प्रॉब्लेम आधीच आहे, त्यात दाणेदार फिल्म म्हणजे बारीक अक्षर अजून पुसट. तिला म्हणावं आधी तसंच महिनाभर लिही, बऱ्याच जणांचा हात काचेला बसतो. नाहीच बसला तर मग फिल्म.

---

चिपचिकित्सक (ऐरोली)

अभिनंदन. माझा तिसरा नंबर पहिला आला, हरकत नाही. आल्या आल्या पहिलं काम, खोक्याचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि बिलावर सिरियल नंबर आहे ना ते बघा. मग लेक्चरची ॲप टाकून एक लेक्चर डाउनलोड करून बघा, बऱ्याच क्लासच्या ॲपमध्ये डाउनलोड मेमरी कार्डावर जातच नाही, आतल्या १२८ मध्येच बसतं, आणि त्यातलंही सिस्टिम बरंच खाऊन बसलेली असते. बघून झालेली लेक्चर उडवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि पावसाचं विसरू नका, आयपी रेटिंग नाहीये. दप्तरात झिपवाली प्लास्टिकची पिशवी कायम ठेवा.

---

रसायनवाले_सर (नेरूळ)

आणि ते फुकटचं कव्हर घेण्याआधी एकदा उघडून बघा, पेन अडकवायला खाच आहे का. एस पेन टॅबच्या कडेला मॅग्नेटनं चिकटतो, तेवढ्यावर भागेल असं वाटतं, पण गच्च भरलेल्या दप्तरात तो पहिल्याच धक्क्याला सुटतो आणि तळाशी डब्याखाली जातो. खाच नसेल तर शे-दोनशे जास्त देऊन दुसरं कव्हर घ्या.